रांगेतली शेवटची जागा

मी, या कागदाखाली सही करणारी, धंद्याने नटी, वयाने सत्तरी ओलांडलेली, नवऱ्यामागे एकटी राहणारी, माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून माझ्या मिळकतीची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. निदान ती तरी लावायला हरकत नव्हती. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी पूर्ण शुद्धीवर असल्याचे आणि हृदय मात्र भरवशाचे नसल्याचे त्यात नमूद आहे. जन्मभर मेलेल्या बायका रंगवल्यावर आपण जिवंत असल्याचा सहीशिक्क्याचा कागद हाती आला, याची मला गंमत वाटते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेबांनी बजावले आहे की कलमे आटोपशीर लिहा, कोर्टात कुणी गोष्टी वाचत बसत नाही. पण थिएटरसंबंधीचे कलम असे आहे की मागची हकिकत कळल्याशिवाय ते म्हातारचळ वाटेल. आणि तसे वाटले की आमच्या नाटक मंडळीच्या नानांचा मुलगा ते मोडून काढायला टपलेलाच आहे. म्हणून हकिकत लिहिणार. वकीलसाहेबांनी ती पाने हवी तर चाळून सोडून द्यावीत.

कलम १. राहते घर. हे घर खालच्या-वरच्या मजल्यासह, गच्चीसह आणि गळक्या टाकीसह माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या हयातीपुरते, व तिच्यानंतर तिच्या मुलीला देत आहे. या मुलीला घरात सगळे बारकी म्हणतात. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव चिकटले ते चिकटले. बहिणीने माझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवू नयेत. ती हलवणार हे मला पक्के ठाऊक आहे, तेव्हा निदान चहाचा डबा तरी हाताशी ठेवावा.

कलम २. ठेवी. बँकेतील ठेवींच्या व्याजातून माझ्या मेकअपवालीला ती आहे तोवर दरमहा पगार चालू ठेवावा. माझा चेहरा तिने इतकी वर्षे पांढराफटक केला, पण सेटवरून निघताना गरम टॉवेलने पुसून, गालाला हात लावून, "झालं, आलात परत," असे म्हटल्याशिवाय तिने मला कधी सोडले नाही. उरलेली रक्कम बारकीला. माझी मेकअपची पेटीही बारकीलाच, मात्र पांढरा रंग काढून टाकावा.

कलम ३. थोरला भाऊ. मी नाटकात जाते हे कळले तेव्हा थोरल्या भावाने जेवणाच्या ताटावरून सांगितले होते, "आजपासून तू आम्हाला मेलीस." पुढे मी टीव्हीवरच्या मालिकेत घराघरातली आत्या झाले, तेव्हा याच भावाने आपल्या दिवाणखान्यात माझा हातभर फोटो लावला, आणि माझी बहीण लहानपणापासूनच हुशार असे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागला. त्याला माझा टीव्ही देत आहे. त्याचा आवाज गेलेला आहे. तो दुरुस्त करून देण्याची गरज नाही.

कलम ४. नवरा व त्याचे सामान. मला नवरे दोन. एक घरातला, एक नाटकातला. घरातला स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचा. आमची ओळख झाली तेव्हा मी मरून पडले होते आणि तो कानावरचा हेडफोन काढून म्हणाला होता, बाई, तुमचा श्वास ऐकू येतोय. माझा श्वास कुणी ऐकतो आहे हे मला इतके आवडले की मी त्याच्याशी लग्न केले. त्याची यंत्रे स्टुडिओतल्या मुलांना द्यावीत. एक टेप मात्र माझ्या कपाटात आहे, ती वेगळी. पडद्यावरच्या नटीला टाळ्या ऐकू येत नाहीत असे मी एकदा बोलून गेले, तर या भल्या माणसाने वाढदिवसाला मला टाळ्यांची टेप भेट दिली. कुठल्या कुठल्या सभांमधून गोळा केलेल्या, दुसऱ्यांसाठी वाजलेल्या टाळ्या. मी महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाही. त्याला बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळले नाही की चुकले कुठे. ती टेप माझ्याबरोबर जाळावी.

कलम ५. नाना. नाना म्हणजे आमच्या नाटक मंडळीचे मालक, दिग्दर्शक, आणि माणूस कमी पडला तर दाराशी उभे राहून तिकिटे फाडणारे. मी त्यांच्याकडे गेले ती नायिका व्हायला. इतर बायकांची भाषणे मला तोंडपाठ होती. कपडे धुताना मी ती म्हणायचे आणि बादलीला दाद मागायचे. नानांनी मला विहिरीच्या नाटकात घेतले. त्यात एक अबोल सून असते. दोन अंक ती नुसती पाणी भरते. तिसऱ्या अंकात विहिरीत पडते. मग तिला फळीवरून आणतात, आणि तिच्याभोवती बाकीची मंडळी एकाहून एक सुरेख भाषणे करून रडतात. थोडक्यात, माझे खरे काम मी मेल्यावर सुरू व्हायचे. विंगेत माझ्या अंगावर बादलीभर पाणी ओतायचे आणि मी दात वाजू न देता मरून पडायचे, असा तो सगळा अभिनय होता.

या नाटकापुरती नानांची एक पद्धत होती, आणि हे मृत्युपत्र त्या पद्धतीपायीच लिहावे लागत आहे. नाटक संपल्यावर सगळी पात्रे हातात हात धरून रांगेत उभी राहतात आणि प्रेक्षकांना वाकून अभिवादन करतात. नानांच्या मते मेलेल्या पात्राने त्या रांगेत यायचे नाही. मला डाव्या विंगेत नेऊन ठेवले की मी तशीच, ओल्या कपड्यांनी, मागच्या दाराने बाहेर पडायचे. रांगेच्या डाव्या टोकाला एका माणसाची जागा मोकळी ठेवायची. तिच्या शेजारी नाटकातला नवरा उभा राहायचा आणि कुणाचा तरी हात धरल्यासारखा आपला डावा हात त्या रिकाम्या जागेकडे धरायचा. ते पाहून लोक पुन्हा रडायचे आणि टाळ्या दुप्पट व्हायच्या.

त्या टाळ्या मी मागच्या बोळात उभी राहून ऐकायचे. भिंतीला पाठ टेकली की त्या पाठीत जाणवायच्या. तेवढ्यासाठी मी ओल्या अंगाने थांबायचे, आणि मग अशी काही शिंकायचे की बोळातली मांजरे पळायची. एकदा धीर करून मी नानांना म्हटले की मला एकदाच रांगेत येऊ द्या, कडेला उभी राहीन, हसणारसुद्धा नाही. नाना चिडले नाहीत. चिडले असते तर सोपे गेले असते.

"लोक तुझ्यासाठी रडतात ना? मग तूच उठून उभी राहिलीस तर त्यांचं रडणं वाया गेलं. गेलेलं माणूस परत येत नाही, एवढी एकच गोष्ट आपलं नाटक सांगतं. ती तरी खरी राहू दे."

नाना चिक्कू होते, तिरसट होते, पण खोटे नव्हते, म्हणून तर त्यांच्यावरचा राग जाता जात नाही. थिएटरच्या दर्शनी भागातला त्यांचा फोटो आहे तिथेच राहू द्यावा. धूळ महिन्यातून एकदा पुसावी. त्याहून जास्त नको.

कलम ६. सिनेमाची मिळकत, आणि ती कशी आली. एका प्रयोगानंतर मी बोळातून निघाले, केस गळ्याशी चिकटलेले, तर समोर एक जाड चष्म्याचा माणूस सिगारेट ओढत उभा. मला पाहून त्याची सिगारेट तोंडातून पडली. तो सिनेमाचा दिग्दर्शक निघाला. दुसऱ्या दिवशी त्याने बोलावले आणि म्हणाला, काही करू नकोस, काल आलीस तशी ये. मी आले. त्या एका येण्यावर माझे नशीब उघडले. पुढे मी मेलेली सून केली, मेलेली मोलकरीण केली, मेलेली मालकीण केली. आरशातून आले, जिन्याखालून आले, एकदा तर माठातून आले. पोस्टरवर माझा चेहरा नायिकेपेक्षा मोठा असायचा. बोलायला वाक्ये मात्र तेवढीच, नानांकडे होती तेवढी. कोपऱ्यावरची भाजीवाली माझ्याकडून पैसे हातात घ्यायची नाही, टोपलीत टाका म्हणायची. बायका लेकरांना पदराआड घ्यायच्या. मला हसू यायचे आणि घरी आल्यावर रडू यायचे. इतकी माणसे मला ओळखत होती आणि हात एकही जण धरत नव्हता.

म्हणून उतारवयात मालिकेतली आत्या मिळाली तेव्हा मी फार खूश झाले. ही आत्या जिवंत होती. ती भांडायची, चहा करायची, सुनांना पाठीशी घालायची. लोक रस्त्यात थांबवून माझ्या गुडघ्यांची चौकशी करू लागले. पैसा आला, नाव आले, पुरस्कारही आले. पुरस्काराला टाळ्या पडतात, नाही असे नाही. पण काम करून महिने लोटल्यावर, जेवायला उशीर होतोय म्हणून घड्याळ बघत वाजवलेल्या त्या टाळ्या. काम संपल्याक्षणी, अंगावरचा घाम वाळायच्या आत पडतात त्या वेगळ्या, आणि त्या माझ्या वाट्याला कधी आल्या नाहीत. ही माझी तक्रार आहे आणि ती मी लेखी नोंदवत आहे. पुरस्कारांच्या बाहुल्या बहिणीने दाराला अडसर म्हणून वापराव्यात, जड आहेत.

कलम ७. थिएटर. नाना गेल्यावर थिएटर बंद पडले आणि जागेवर गाड्या लावायचा तळ होणार असे कळले. आत्याच्या पैशातून मी ते विकत घेतले. ज्या इमारतीने मला मागच्या दाराने घालवले तिच्यात मला पुढच्या दाराने शिरायचे होते, दुसरे काही कारण नव्हते.

पहिल्याच दिवशी रंगमंचावर गेले तर डाव्या टोकाला लाकूड फुगून काळे पडलेले दिसले, एका माणसाच्या दोन पावलांएवढे. वर छप्पर गळत नव्हते, खाली नळ नव्हता. सुताराने तेवढा भाग बदलला. पावसाळा नसताना तो पुन्हा फुगला. सुतार म्हणाला, बाई, इथे कुणीतरी ओलं उभं राहतं. तो बोलून गेला आणि पुढच्या कामाला लागला.

त्यानंतर काही दिवसांनी मालिकेत एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या कामासाठी माझा नाटकातला नवरा आला. किती वर्षांनी भेटत होतो. त्याने माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळवा बघितला आणि म्हणाला, कोरडा आहे. मी म्हटले, मग काय ओला असायला हवा? त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग सावकाश म्हणाला, "अगं, तू मागच्या दाराने जायचीस आणि तू माझ्या शेजारी यायचीस. मी हात पुढे केला की तुझा हात त्यात असायचा. ओला, गारठलेला."

त्याला वाटे, नानांनी मला गुपचूप यायची परवानगी दिली असेल. रांगेत बाजूला बघायचे नाही, शेवटच्या खुर्चीकडे बघायचे, ही नानांची सक्त शिस्त, म्हणून तो कधी वळला नाही. पुढे मी सिनेमात गेले, त्या कामाला दुसऱ्या मुली आल्या, जाड आल्या, बारीक आल्या. हात तोच राहिला. तेव्हा तो घाबरला. पण नाटक चालू होते, पोट त्यावर होते, म्हणून तो रोज हात पुढे करत राहिला. मला वाटले म्हातारा चळला. त्याने पाकिटातून रांगेचा एक जुना फोटो काढून दिला. टोकाची जागा मोकळीच आहे, तिथे कुणी नाही. पण त्याची बोटे ज्या तऱ्हेने वळली आहेत तशी रिकामी बोटे वळत नाहीत. हा फोटो या मृत्युपत्राला जोडत आहे, ज्याला शंका असेल त्याने बघावा.

मी भुते रंगवून पोट भरले, पण भुतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. त्यांना रंगवायला किती वेळ लागतो हे मला माहीत होते. आणि भूत व्हायला आधी मरावे लागते. मी जिवंत आहे, दाखला सोबत आहे. मग मी बोळात शिंकत असताना आत कोण गेले, याचा विचार करते तेव्हा मला या खोलीत एकटे बसवत नाही.

हे मी कुणाला सांगितले नसते. पण नानांच्या मुलाने विहिरीचे नाटक पुन्हा काढले आहे, माझ्याच थिएटरात, आणि सुनेचे काम बारकी करत आहे. मी नको म्हणायच्या आत तिने पेढे मिळाल्यासारखे तोंड करून मला मिठी मारली. वडिलांची पद्धत मुलाने जशीच्या तशी ठेवली आहे: मागचे दार, मोकळी जागा, सगळे. गेल्या आठवड्यात बारकी तालमीहून थेट माझ्याकडे आली, चहा घेताना हसत हसत म्हणाली, "मावशी, मागच्या दारातून निघाले ना, की कुणीतरी मला घासून आत जातं. रोज. आज तर माझा हात धरून बाजूला सारलं." मी तिचा हात पाहिला. तालमीत पाणी ओतत नाहीत. तरी तिच्या उजव्या हाताची बोटे फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली होती. ती म्हणाली, साबण लागला असेल. मी हो म्हटले.

माझी जन्मभराची हौस फिटली नाही त्याचे मला दुःख आहे. पण ते माझे आहे आणि ते माझ्याबरोबर जायला हवे. माझ्या बारकीच्या मानगुटीवर ते बसता कामा नये. बाकी सगळी मिळकत इकडची तिकडे झाली तरी चालेल, हे कलम मात्र पाळले गेलेच पाहिजे. म्हणून थिएटर मी बारकीला पुढील अटींवर देत आहे: रांगेतली मोकळी जागा कायमची बुजवावी, तिथे जिवंत माणूस उभे करावे. नाटकात जो मरेल त्याने उठून रांगेत यावे आणि सगळ्यांबरोबर वाकावे. मागचे दार विटा लावून चिणून टाकावे. डाव्या टोकाचे लाकूड उखडून तिथे सिमेंट ओतावे.

हे झाले माझ्यामागचे. उद्या पहिला प्रयोग आहे आणि मी अजून मेलेली नाही. नानांच्या मुलाकडे गेले, सरळ विचारले. तो म्हणाला, ताई, इमारत तुमची, नाटक माझं. मेलेली सून रांगेत येणार नाही. मी म्हटले, नको येऊ दे तिला, पण इमारतीच्या मालकिणीने टोकाला उभे राहायला काय हरकत आहे? जाहिरातीत आत्याचे नाव घालता येईल हे लक्षात येताच त्याची हरकत विरघळली. मागच्या दाराला मी आजच कुलूप लावले आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. बारकी विंगेतच थांबेल. उद्या त्या जागेवर मी उभी राहणार. जागा भरलेली असली की दुसरे कुणी येणार कसे? आणि आलेच, तर बारकीच्या आधी मी भेटेन.

कलम ८. माझे शेवटचे. मला या घरातून पुढच्या दाराने न्यावे. जिना अरुंद आहे, वळणावर अडेल, खांदेकरी कुरकुर करतील. करू द्यात. मागच्या दाराने मी खूप वेळा गेले आहे.

साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही असे वकीलसाहेब म्हणतात, म्हणून नाटकातल्या नवऱ्याला मी साक्षीदार केले आहे आणि काही देत नाही. उद्याच्या नाटकात तो म्हातारा सासरा आहे आणि रांगेत आपल्या जुन्या जागेवरच उभा राहणार आहे. त्याने माझा हात धरला तर मला पुरे आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, त्यात एक शब्दही कमी करावासा वाटला नाही.

ठिकाण: राहते घर, वरचा मजला. तारीख: ९ नोव्हेंबर.
(सही) लिहून ठेवणार, नटी
साक्षीदार: (सही) नाटकातला नवरा
साक्षीदार: (सही) डॉक्टर
खाडाखोड नाही.

पुरवणी मृत्युपत्र

वरील मृत्युपत्र लिहून दोन दिवस झाले. दरम्यान जे घडले त्यामुळे त्यातील काही अटी मला बदलाव्या लागत आहेत. मी अजूनही शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी आज पुन्हा तपासले आणि नाडी पाहून भुवया उंचावल्या, पण दाखला दिला.

प्रयोग झाला. बारकी माझ्यापेक्षा चांगली मेली, हे मी मालकीण म्हणून नव्हे, त्या कामाची जाणकार म्हणून लिहिते. तिला फळीवरून डाव्या विंगेत आणले तेव्हा मी तिथेच उभी होते. तिच्या अंगावर टॉवेल टाकला आणि म्हटले, इथून हलायचे नाही. ती थंडीने कुडकुडत होती तरी मला डोळा मारून हसली. मग मी रंगमंचावर चालत गेले आणि टोकाच्या जागेवर, त्या फुगलेल्या लाकडावर उभी राहिले.

माझ्या उजव्या हाताला नाटकातला नवरा. त्याने हात पुढे केला, मी धरला. पडदा उघडला आणि टाळ्या आल्या. आजवर त्या मी पाठीने ऐकल्या होत्या, काल पहिल्यांदा छातीवर घेतल्या. मला वाटले, हृदय इथेच थांबते की काय, आणि थांबले तरी आपली काही हरकत नाही.

तेवढ्यात माझ्या डाव्या हातात हात आला.

डावीकडे विंगेपर्यंत कुणी नव्हते, हे मी उभी राहताना पाहिले होते. हात ओला होता, गार होता आणि लहान होता. मी बाजूला पाहिले नाही. शेवटच्या खुर्चीवर नजर लावून बसले, म्हणजे उभी राहिले. हात झटकायचे मी ठरवूनच गेले होते. झटकण्याआधी बोटांना तिची नखे लागली. कुरतडलेली होती, पार मांसापर्यंत. त्या वयात मी नखे अशीच कुरतडायचे. आई बोटांना कडू औषध लावून दमली, शेवटी सिनेमावाल्यांनी ती सवय सोडवली. ही नखे माझी होती. आणि तो हात कुणाला ओढायला आलेला नव्हता. पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहणारी पोर जशी कापते तसा तो कापत होता.

सगळे वाकले. मी वाकले. ती थोडी उशिरा वाकली, कधी वाकायचे हे कुणी तिला शिकवलेच नव्हते. मी हात किंचित खाली ओढून तिला खूण केली. दुसऱ्या वेळी ती बरोबर वाकली. टाळ्या वाढल्या तशी तिने माझी बोटे इतकी घट्ट धरली की आजसुद्धा दुखत आहेत. कुणीतरी केलेले कौतुक ऐकायला ती इतकी वर्षे ओल्या कपड्यांनी येत होती, आणि मी तिला सिमेंटमध्ये गाडायला निघाले होते. मला रडू फुटले. लोकांना वाटले आत्या भारावली.

पडदा पडल्यावर हात नव्हता. विंगेत बारकी टॉवेल धरून तशीच उभी होती, चेहरा माझ्या मेकअपवालीने रंगवल्यासारखा पांढरा.

"मावशी, तुझ्या शेजारी कोण होतं?"

"मीच होते," मी म्हटले. "चल, केस पूस."

तिची बोटे मी दिव्याखाली नेऊन पाहिली. कोरडी होती, गुळगुळीत होती. माझ्या डाव्या हाताची मात्र सुरकुतली आहेत, पण माझ्या वयात ते कुणाच्या लक्षात येणार नाही.

तरी कलम ७ मधील अटी रद्द करून त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहून ठेवते. मागचे दार चिणू नये. प्रयोगाच्या वेळी नुसते लोटून ठेवावे. डाव्या टोकाचे लाकूड जसे आहे तसे राहू द्यावे. नाटकात मेलेल्या मुलीने रांगेत यावेच, ती अट कायम आहे. नानांच्या मुलाला हे मान्य नसेल तर त्याने दुसरे थिएटर शोधावे. त्या मुलीने रांगेच्या टोकाला उभे राहावे आणि आपल्या डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून हात पुढे करावा. हात गार लागला तर घाबरू नये, बाजूला बघू नये, वाकताना तेवढी खूण करावी. नंतर टॉवेलने पुसून घ्यावा. टाळ्यांची टेप जाळायची गरज उरली नाही, कुणाला हवी असेल त्याने न्यावी.

बारकी, हे शेवटचे तुझ्यासाठी. माझ्यामागे कधीतरी एक प्रयोग असा येईल की तुझ्या हातात एकाच्या जागी दोन हात येतील. एक ओला असेल, एक कोरडा. दोन्ही धर.

ठिकाण: तेच. तारीख: ११ नोव्हेंबर.
(सही) लिहून ठेवणार, नटी
साक्षीदार: (सही) नाटकातला नवरा
साक्षीदार: (सही) डॉक्टर
खाडाखोड नाही. डाव्या समासातील पाण्याचा ओघळ सही होत असताना आला, तो आम्ही दोघा साक्षीदारांनी पाहिला. टेबलावर पाणी नव्हते.